जुनी मोटारगाडी आणि देशाची सीमा : आयात-नियंत्रणाचा एक अभ्यास (पुण्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्रातील वाहतुकीच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने रेल्वेकडे आणि त्याखालोखाल घाटरस्त्यांकडे गेलेले दिसते. मोटारगाडीचा उल्लेख येतो तो बहुधा संस्थानिकांच्या शौकाच्या संदर्भात किंवा कारखानदारीच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून. मोटार ही प्रारंभी समुद्रापलीकडून येणारी वस्तू होती आणि तिच्या प्रत्येक पिढीने सीमाशुल्क, परवाना व परकीय चलन यांच्याशी झुंज दिली, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहिली आहे.

प्रस्तुत लेखात या विस्तृत विषयाचा एक मर्यादित भागच विचारात घेतला आहे. परदेशातील एखाद्या खाजगी मालकाकडून जुनी मोटार विकत घेऊन ती भारतात आणू इच्छिणाऱ्या व्यक्तीकडे आपल्या राज्यसंस्थेने वेळोवेळी कोणत्या दृष्टीने पाहिले, हा तो प्रश्न होय. असा मनुष्य व्यापारी नसतो, कारखानदारही नसतो. त्याला एकच गाडी हवी असते. पुष्कळदा ती विशिष्ट गाडीच हवी असते. परंतु कायद्याच्या भाषेत त्याच्यासाठी दीर्घकाळ स्वतंत्र शब्दच नव्हता. त्याची गाडी कधी चैनीची वस्तू ठरली, कधी परकीय चलनाची गळती, कधी भंगार. आणि फार उशिरा वारसा. हा वारसाही प्रथम कोणाचा मान्य झाला, हे पाहणे उद्बोधक आहे.

पुण्याचा विशेष संदर्भ घेण्याचे कारण केवळ लेखकाचे वास्तव्य हे नाही. या कथेच्या एका निर्णायक टप्प्यावर, म्हणजे २००१ साली, परदेशातून येणाऱ्या वापरलेल्या मोटारीची परीक्षा घेणाऱ्या संस्थांमध्ये पुण्यातील संस्थेचे नाव शासनाने लिहिले होते. त्याचा ऊहापोह पुढे केला आहे.

चैनीच्या वस्तूपासून नियंत्रित वस्तूपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई बंदरात पहिल्या मोटारी उतरल्या तेव्हा त्या आणण्यास कोणतीही बंदी नव्हती. पैसा असणे एवढीच अट होती. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी तिजोरीची ओढाताण वाढली आणि मोटार ही चैनीची वस्तू मानून तिच्यावरील आयात शुल्क ३० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. १९२७ साली ते २० टक्क्यांवर आणले गेले. त्याच वर्षी रस्तेविकासाचा विचार करण्यासाठी बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीनुसार १९२९ पासून पेट्रोलवरील जादा करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेल्या जयकरांच्या नावाच्या ग्रंथालयात आपल्यापैकी अनेकांनी वर्षे घालविली आहेत; मोटारीच्या करव्यवस्थेशी त्यांच्या नावाचा असा संबंध आहे याची आठवण मात्र सहसा कोणास नसते. जयकर समितीच्या विचारातून मोटार प्रथमच केवळ श्रीमंताचे खेळणे न राहता सार्वजनिक हिताशी जोडली गेली, म्हणून येथे तिचा उल्लेख केला.

याच सुमारास आयातीचे स्वरूपही पालटले. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्यास आरंभ केला. पूर्ण गाडी बोटीने आणण्याऐवजी पेट्यांतून भाग आणणे सोयीचे ठरू लागले. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून, देशात प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम असणाऱ्यांनाच यापुढे वाव राहील, असे धोरण ठरले. केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

कारखान्यांचा हा इतिहास सर्वश्रुत आहे. एकट्या ग्राहकावर त्याचा काय परिणाम झाला, याची चर्चा कमी झाली. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परवान्याशिवाय गाडी आणणे अशक्य केले, तर त्याच वर्षीच्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशातील विक्रेत्याला पैसे पाठविणे रिझर्व्ह बँकेच्या अनुमतीवर अवलंबून ठेवले. म्हणजे लंडनमधील एखादा निवृत्त गृहस्थ आपली जुनी मॉरिस गाडी पुण्याच्या मित्राला शंभर पौंडांत देण्यास तयार असला, तरी ते शंभर पौंड पाठविण्याचा कायदेशीर मार्ग त्या मित्रापाशी नव्हता. पौंड, डॉलर यांची तंगी खरी होती आणि अन्नधान्याच्या आयातीपुढे मोटारीला प्राधान्य देणे अनुचितच ठरले असते. तथापि या व्यवस्थेने नवी गाडी, वापरलेली गाडी आणि ऐतिहासिक गाडी यांत कोणताच भेद केला नाही, एवढे नोंदविले पाहिजे.

परदेशी गाडी मिळविण्याच्या काही फटी राहिल्या. वकिलाती व परदेशी तज्ज्ञ यांनी आणलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. परदेशात काही वर्षे राहून कायमचे परतणाऱ्या भारतीयास, वास्तव्य-बदलाच्या नियमांखाली, स्वतः वापरलेली गाडी शुल्क भरून आणता येई. मात्र ती ठरावीक मुदतीपर्यंत विकता येत नसे. पर्यटकासाठी कार्नेट नावाचे सीमाशुल्क हमीपत्र होते. १९५४ च्या न्यूयॉर्क करारावर आधारलेल्या या व्यवस्थेत गाडी तात्पुरती देशात येई आणि मुदतीत बाहेर जाणे बंधनकारक असे. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था येथील मोटारमालकांना अशी हमीपत्रे देत आली आहे.

गोव्याचा अपवाद निराळाच. पोर्तुगीज अमलातील गोव्यावर भारताने १९५४-५५ पासून आर्थिक निर्बंध घातले. पण खनिज निर्यातीच्या पैशावर तेथे युरोपीय मालाची आवक वाढली आणि त्यात मोटारीही होत्या. आपल्याकडे परवान्यासाठी अर्ज पडून असताना सावंतवाडीपलीकडे नवी जर्मन गाडी रस्त्यावर दिसत असे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती सीमाच नाहीशी झाली. येथे मोटार सीमा ओलांडून आली नाही, सीमाच मोटारीवरून सरकली. आयातीच्या इतिहासात असे उदाहरण विरळा.

१९७२ : जाणाऱ्या मोटारीला अटकाव

आतापर्यंतची चर्चा येणाऱ्या गाडीची होती. परंतु स्वातंत्र्योत्तर पंचवीस वर्षांत जुन्या मोटारींचा खरा ओघ उलट दिशेने होता. विलीनीकरणानंतर संस्थानिकांचे उत्पन्न आटले आणि रोल्स-रॉइससारख्या गाड्या ब्रिटन, युरोप, अमेरिकेतील संग्राहकांकडे जाऊ लागल्या. २६ व्या घटनादुरुस्तीने १९७१ मध्ये तनखे रद्द झाले आणि विक्रीची निकड आणखी वाढली. १९७२ मध्ये केंद्र शासनाने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली.

याच वर्षी पुरावस्तू व कलानिधी कायदा संमत झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. त्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे शंभर वर्षांचे वय आवश्यक होते. १९७२ साली जगातील कोणतीही मोटार शंभर वर्षांची नव्हती. त्यामुळे मोटारीचे रक्षण संस्कृतीच्या कायद्याने झाले नाही, ते व्यापार-नियंत्रणाच्या आदेशाने झाले. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ प्रस्तुत लेखकास येथे दिसते. राजमुद्रेचे नाणे किंवा मूर्ती यांच्याबाबत पुरातत्त्व विभागाचा अधिकारी मत देतो. मोटारीबाबत मात्र मत देण्याचे काम बंदरावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे राहिले.

ज्या गाड्या येथेच राहिल्या त्यांचे मोल आज कळते. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातील मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या सोहळ्यात बाहेर निघते आणि रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहतात. ती गाडी संग्रहालयातील काचेआड नाही; उत्सवाच्या परंपरेचा ती भाग झाली आहे. हे परदेशी संग्राहकाच्या गॅरेजमध्ये कधीच घडू शकले नसते.

उलट राजकोटचे उदाहरण घ्यावे. राजकोटच्या ठाकोरसाहेबांसाठी १९३४ मध्ये बांधलेली, ‘स्टार ऑफ इंडिया’ या नावाने ओळखली जाणारी रोल्स-रॉइस फँटम २ ही गाडी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशाबाहेर गेली. अनेक दशकांनंतर, २०१० च्या सुमारास, त्याच घराण्याने ती पुन्हा विकत घेऊन मायदेशी आणली. घराणे, छायाचित्रे, कारखान्याच्या नोंदी, रंगाची आणि कोचकामाची माहिती, सर्व उपलब्ध होते. आणि गाडी १९५० पूर्वीची होती. हा शेवटचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा पुष्कळ महत्त्वाचा आहे.

२००१ आणि पुण्यातील परीक्षा

जागतिक व्यापार संघटनेतील वादात भारताविरुद्ध निर्णय गेल्यानंतर १ एप्रिल २००१ पासून ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक आयात निर्बंध उठविण्यात आले. त्यांत वापरलेल्या मोटारीही होत्या. पुणे परिसरात या बातमीने निर्माण केलेली अस्वस्थता त्या काळी येथे राहणाऱ्यांना स्मरत असेल. पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोची इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारात आली होती. शेकडो लघुउद्योजक तिच्या सुट्या भागांवर अवलंबून होते. जपानमधून स्वस्त वापरलेल्या गाड्यांचा लोंढा श्रीलंकेप्रमाणे येथेही आला तर काय, हा प्रश्न भोसरीच्या कारखान्यांत काल्पनिक नव्हता.

शासनाने बंदी उठविली आणि तिच्या जागी अटींची तटबंदी उभारली. २००१ च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या मोटारींवरील मूळ सीमाशुल्क १०५ टक्के करण्यात आले; इतर करांसह एकूण भार सुमारे १८० टक्के होई. गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे सुकाणू उजवीकडे असावे, वेगमापक किलोमीटरमध्ये असावा, पुढील दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस अनुरूप असावा, आणि आयातीनंतर किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहावी, अशा अटी घातल्या गेल्या. अशी गाडी केवळ मुंबईच्या बंदरातूनच सोडविता येई. आणि ती सोडविण्यापूर्वी भारतात तिची परीक्षा होणे आवश्यक होते. त्यासाठी तीन संस्थांची नावे देण्यात आली : संरक्षण मंत्रालयाची अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना, मध्य प्रदेशातील बुदनी येथील कृषियंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच वेताळ टेकडीवरील आपली ‘एआरएआय’.

तीनपैकी दोन संस्था महाराष्ट्रातील, त्यातही एक पुणे शहरातील. ज्या शहराच्या उद्योगाला परक्या जुन्या गाडीचे भय होते, त्याच शहरातील टेकडीवर तिची योग्यता ठरणार होती. यात कोणाचे कारस्थान शोधण्याचे कारण नाही. वाहनपरीक्षणाची सामग्री व जाणकार माणसे जेथे होती तेथे काम सोपविले गेले. परंतु ही यंत्रणा वारसा ओळखण्यासाठी घडविलेली नव्हती. धूर, ब्रेक, दिवे, मजबुती या कसोट्या आजच्या रस्त्याच्या होत्या. १९५५ सालच्या मोटारीला त्या लावणे म्हणजे मोडी कागदाला शुद्धलेखनाचे नियम लावण्यासारखे झाले असते. अर्थात तीन वर्षांच्या अटीमुळे तशी गाडी परीक्षेपर्यंत पोहोचणारच नव्हती.

सुकाणूच्या अटीतील विसंगतीही पाहण्यासारखी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२० डाव्या सुकाणूची गाडी चालविण्यास सरसकट मनाई करीत नाही. इशारा देणारे यांत्रिक वा विद्युत साधन चालू स्थितीत असले पाहिजे, एवढेच ते म्हणते. म्हणजे जी गाडी रस्त्यावर चालविणे कायद्यास मान्य होते, ती देशात आणणे धोरणास अमान्य होते.

मूल्यांकनाचा प्रश्न याहून अवघड. वापरलेल्या मोटारीची किंमत ठरविताना तिच्या नव्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करण्याची पद्धत सीमाशुल्क खात्यात रूढ होती आणि हा घसारा कमाल ७० टक्क्यांपर्यंत धरला जाई. काळाबरोबर वस्तूचे मोल घटते, हे या पद्धतीचे गृहीतक. संग्राहकाची मोटार मात्र एका मर्यादेनंतर महाग होत जाते. मूळ किंमत पाचशे पौंड असलेल्या गाडीसाठी आज पन्नास हजार पौंड मोजले असतील, तर घसाऱ्याचे कोष्टक निरुपयोगी ठरते आणि प्रत्यक्ष व्यवहाराचे मूल्य पाहावे लागते. विक्रेता कंपनी असेल तर बीजक असते. विक्रेता खाजगी गृहस्थ असेल तर हाताने लिहिलेली पावती असते. ती खरी आहे हे सिद्ध करण्याचा भार आयातदारावर पडतो.

एक जानेवारी १९५० ही रेषा

या तटबंदीला एक दिंडी दरवाजा ठेवलेला होता. १ जानेवारी १९५० पूर्वी तयार झालेल्या मोटारी आणि १ जानेवारी १९४० पूर्वीच्या मोटारसायकली वैयक्तिक वापरासाठी, प्रत्यक्ष वापरकर्त्याच्या अटीवर, परवान्याशिवाय आणण्यास आयात धोरणाने मोकळीक दिली. निर्यातीच्या बाजूलाही याच तारखा निर्बंधाची रेषा म्हणून आल्या. १९५० हेच वर्ष का, याची कारणमीमांसा धोरणात नाही.

प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप या रेषेला आहे. ती स्थिर होती, काळ मात्र पुढे जात होता. २००५ साली १९५० ते सुमारे २००१ या बावन्न वर्षांतील गाड्या परवान्याशिवाय आणता येत नव्हत्या. २०२४ साली हाच निषिद्ध काळ सुमारे एकाहत्तर वर्षांचा झाला होता. आणि या रेषेच्या अलीकडे-पलीकडे कोण होते? पलीकडे संस्थानिकांच्या, गव्हर्नरांच्या, गर्भश्रीमंतांच्या गाड्या. अलीकडे मॉरिस मायनर, फोक्सवॅगन बीटल, फियाट ११०० : शिक्षक, डॉक्टर, अभियंता यांच्या गाड्या. १९६० च्या दशकात शिक्षणासाठी जर्मनीस गेलेल्या आणि तेथेच स्थिरावलेल्या मराठी अभियंत्याची पहिली गाडी त्याच्या मुलांना कोथरूडच्या घरी आणावयाची असती, तर ती वारसा ठरली नसती. राजकोटची रोल्स-रॉइस ठरली. प्रजासत्ताकाच्या पहिल्याच महिन्यात ओढलेल्या या रेषेने प्रजासत्ताकातील नागरिकांचा स्मृतिसंचय वगळला आणि राजांचा स्वीकारला, असे म्हटल्यास ते थोडे कठोर वाटेल. पण परिणाम तोच झाला.

अन्य देशांनी फिरती रेषा स्वीकारली होती. अमेरिकेत पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला संघीय सुरक्षा-मानकांच्या अटीतून सूट मिळते. ब्रिटनमध्ये तीस वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतील, उत्पादन थांबलेली गाडी संग्राह्य वस्तूंच्या शीर्षकाखाली येऊ शकते. तेव्हा सीमाशुल्क शून्य आणि मूल्यवर्धित कर केवळ ५ टक्के लागतो. भारताने फिरती रेषा स्वीकारली ती २०२५ च्या आरंभी. आता पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना ही मोकळीक मिळाली असून दरवर्षी एक नवे उत्पादनवर्ष तिच्यात येते. मात्र आयातीची मुभा म्हणजे शुल्काची माफी नव्हे.

या बदलाची पूर्वतयारी चार वर्षे आधी झाली होती. १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय परिवहन मंत्रालयाने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींसाठी स्वतंत्र नोंदणी-नियम अधिसूचित केले. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे. त्यामुळे १ जुलै १९८९ नंतर पुण्याची ओळख बनलेली ‘एमएच-१२’ ही मुद्रा अशा आयात गाडीवर नसेल. तिच्यावर केवळ महाराष्ट्र असेल. रोजच्या वा व्यावसायिक वापरास ती नेता येणार नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन अशा कारणांपुरतीच रस्त्यावर येईल.

कागदपत्रांचा प्रश्न

मोटार लोखंडाची असली तरी सीमेवर तिची ओळख कागदाने होते. खाजगी विक्रेत्याची पावती, परदेशातील नोंदणी रद्द केल्याचा दाखला, बोटीची भरणपावती, चासी व इंजिन क्रमांक, उत्पादनवर्षाचा पुरावा, आणि शेवटी सीमाशुल्क खात्याचे बिल ऑफ एंट्री. ब्रिटिश मोटार इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टसारखी संस्था कारखान्याच्या मूळ वह्यांवरून कोणती गाडी कोणत्या दिवशी तयार होऊन कोठे रवाना झाली याचा दाखला देते. कारखाना बंद पडून अर्धशतक लोटले तरी तेथील माणसाला आपल्या गाडीचा जन्मदिवस कळतो.

आपल्याकडे याच्या तोडीचे काय आहे? येथे उतरलेल्या गाड्यांच्या नोंदी बंदराच्या दप्तरात, जिल्ह्याच्या नोंदणी-वह्यांत आणि मालकांच्या घरी विखुरल्या होत्या. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात पुण्याच्या पेठांतील असंख्य घरांची कागदपत्रे वाहून गेली. जी वाचली ती गाडी भंगारात देताना रद्दीत गेली. माझ्या वडिलांच्या स्कूटरचे आरसी बुक आमच्या घरी आहे ते केवळ ट्रंकेच्या तळाशी विसरल्यामुळे. त्यावरील शिक्के, मालकीबदलाच्या नोंदी, हातची अक्षरे पाहताना असे वाटते की आपण पेशव्यांच्या दप्तरातील जमाखर्चाचे रुमाल सांभाळतो, पण १९५८ साली कोणत्या डॉक्टरांनी कोणत्या तालुक्याच्या गावात पहिली गाडी नेली, हे सांगणारी वही कोणी मागितलेली नाही.

२०२१ च्या नियमांमुळे येथील जुन्या गाडीच्या नोंदणीसाठी जुने नोंदणीपत्र आणि आयात केलेल्या गाडीसाठी बिल ऑफ एंट्री मागितले जाते. हे कागद आता अर्जासोबत संगणकावर चढतात. ते केवळ कार्यालयीन प्रकरण म्हणून मुदतीनंतर नष्ट करावयाचे की अभिलेखागाराकडे सोपवावयाचे, हे ठरविण्याची वेळ हीच आहे. कारण १९२५ सालापर्यंतच्या मोटारींनी आता शंभरी ओलांडली आहे. १९७२ च्या कायद्यातील व्याख्येत विज्ञान, कला व कारागिरी यांचे दर्शन घडविणाऱ्या शंभर वर्षांच्या वस्तूंचा समावेश होतो. पुण्याच्या एखाद्या वाड्यातील १९२४ सालची मोटार उद्या विक्रीस निघाली, तर तिच्याकडे परिवहन अधिकाऱ्याने पाहावयाचे, सीमाशुल्क अधिकाऱ्याने, की पुरातत्त्व विभागाने?